स्पोर्ट्स कार घेताना मॅन्युअल की ऑटोमॅटिक? संपूर्ण माहिती सोप्या मराठीत

रेसिंग गेम खेळताना सेटिंगमध्ये 'ट्रान्समिशन' नावाचा पर्याय तुम्ही नक्की पाहिला असेल. ऑटो ठेवलं की गाडी स्वतःच गिअर बदलते. मॅन्युअल केलं की ते काम आपल्या बोटांवर येतं. गेममध्ये हा पर्याय हवा तेव्हा बदलता येतो, पण खऱ्या गाडीत तो एकदाच निवडायचा असतो. टायर, अलॉय व्हील, म्युझिक सिस्टीम नंतरही बदलता येते. गिअरबॉक्स बदलणं मात्र इतकं खर्चिक आणि किचकट आहे की त्यापेक्षा लोक गाडीच बदलतात.

"दादा, मॅन्युअल घेऊ की ऑटोमॅटिक?" हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला जातो, तितका दुसरा कुठलाच नाही. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचं बजेट पोर्शेचं नसतं हे उघड आहे. पण फोक्सवॅगन व्हर्टस जीटी किंवा ह्युंदाई आय२० एन लाइनसारखी जरा जोरकस गाडी घेतानाही प्रश्न तोच असतो. म्हणून या लेखात आपण खऱ्या स्पोर्ट्स कारची उदाहरणं घेऊन हा विषय नीट समजून घेणार आहोत.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. वेगाच्या शर्यतीत ऑटोमॅटिक जिंकली आहे, त्यात आता वाद उरलेला नाही. तरीही मॅन्युअल संपलेली नाही, कारण स्पोर्ट्स कार लोक फक्त वेगासाठी घेत नाहीत. तुम्ही गाडी कशासाठी घेताय आणि ती कुठे चालवणार आहात, या दोन गोष्टी ठरल्या की गिअरबॉक्स आपोआप ठरतो. आता सविस्तर पाहू.

गिअरबॉक्स लागतो कशाला?

गिअरची सायकल चालवली असेल तर हे लगेच कळेल. चढावर हलका गिअर टाकला की पाय भरभर फिरतात, पण चाक सावकाश फिरतं आणि जोर जास्त मिळतो. सपाट रस्त्यावर जड गिअर टाकला की कमी पायडल मारून जास्त अंतर कापता येतं.

पेट्रोल इंजिनाचंही असंच आहे. ते ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच चांगली ताकद देतं. २०२१ मध्ये आलेल्या पोर्शे ९११ जीटी३ चं उदाहरण घ्या. तिच्यात ४ लिटरचं, टर्बो नसलेलं, सहा सिलिंडरचं इंजिन आहे. ते ५१० पीएस ताकद देतं, पण ही पूर्ण ताकद मिळते ८,४०० आरपीएमला. इंजिन ९,००० आरपीएमपर्यंत फिरतं. म्हणजे ताकद वरच्या टोकाला आहे आणि इंजिन तिथे ठेवायचं तर गिअर अचूक वेळी बदलत राहावा लागतो. हे काम तुम्ही करायचं की गाडीने, एवढाच मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकमधला मूळ फरक आहे.

इलेक्ट्रिक मोटर शून्य आरपीएमपासूनच जोर देते, त्यामुळे बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना एकच गिअर पुरतो.

मॅन्युअल गिअरबॉक्स कसा काम करतो?

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. पायडल सोडलेलं असताना क्लच प्लेट फ्लायव्हीलला घट्ट दाबून धरलेली असते आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जाते. पायडल दाबलं की प्लेट सुटते, ताकद तुटते आणि तेवढ्या वेळात आपण गिअर बदलतो. पायडल हळूहळू सोडताना प्लेट थोडी घासत घासत पकड घेते. यालाच आपण 'हाफ क्लच' म्हणतो. क्लच प्लेट झिजते ती मुख्यतः इथेच.

वेगात चालवताना खरी परीक्षा खालचा गिअर टाकताना असते. समजा वळणाआधी तुम्ही चौथ्यावरून तिसरा गिअर टाकला. तिसऱ्या गिअरमध्ये त्याच वेगाला इंजिन जास्त आरपीएमवर फिरायला हवं. क्लच सोडण्याआधी ॲक्सिलरेटरला हलका दाब देऊन आरपीएम वर आणले तर गिअर लोण्यासारखा बसतो. नाहीतर गाडीला झटका बसतो. ब्रेक दाबलेला असतानाच त्याच उजव्या पायाच्या कडेने किंवा टाचेने ॲक्सिलरेटर दाबायची जी युक्ती आहे, तिला 'हील अँड टो' म्हणतात. हे जमायला महिने लागतात. ज्यांना मॅन्युअल आवडते त्यांना नेमकी हीच गोष्ट आवडते. आजच्या बऱ्याच मॅन्युअल स्पोर्ट्स कार आरपीएम स्वतः जुळवून देतात आणि हवी असेल तर ही सोय बंदही करता येते.

ऑटोमॅटिकचे प्रकार: सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या नसतात

शोरूममध्ये सेल्समन "सर, ऑटोमॅटिक आहे" एवढंच सांगतो. तुम्ही पुढचा प्रश्न विचारायला हवा: "कुठली?"

१. टॉर्क कन्व्हर्टर: दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एक चालू केला, तर हवेच्या झोताने दुसराही फिरायला लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हवेच्या जागी तेल असतं. इंजिनाच्या बाजूचा पंखा तेल ढकलतो आणि गिअरबॉक्सच्या बाजूचा त्या जोराने फिरतो. त्यामुळे गाडी मऊपणे निघते. तेलातून ताकद पाठवणाऱ्या ऑटोमॅटिकची कल्पना जुनी आहे. जनरल मोटर्सची 'हायड्रा-मॅटिक' १९४० च्या मॉडेलपासून ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये मिळू लागली. पूर्वी या प्रकाराला 'सुस्त' म्हणून नावं ठेवली जायची. आजचे ८ स्पीडचे टॉर्क कन्व्हर्टर मात्र खूप चपळ आहेत. बीएमडब्ल्यू एम२ आणि टोयोटा जीआर सुप्रामध्ये हाच प्रकार आहे.

२. ड्युअल क्लच: यात दोन क्लच असतात. एकाकडे १, ३, ५, ७ हे विषम गिअर, दुसऱ्याकडे २, ४, ६ हे सम. तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा आधीच तयार ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो त्याच क्षणी दुसरा पकड घेतो, त्यामुळे चाकांकडे जाणारी ताकद जवळपास तुटतच नाही. रोजच्या वापराच्या गाडीत हे तंत्र पहिल्यांदा २००३ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मधून आलं. पोर्शेने मात्र ते त्याआधी, १९८० च्या दशकातच ९५६ आणि ९६२ या रेसकारमध्ये वापरून पाहिलं होतं. त्याला पोर्शे 'पीडीके' म्हणते. ९११ मध्ये ते २००८ साली आलं.

३. एएमटी: हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. भारतात २०१४ च्या मारुती सेलेरिओमुळे हा प्रकार घराघरात पोचला. गंमत म्हणजे १९९७ ची फेरारी ३५५ एफ१ याच मूळ कल्पनेवर चालायची, अर्थात कितीतरी महाग आणि वेगवान रूपात. स्टीअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणारी ती फेरारीची पहिली रोड कार. ही कल्पना रेसिंगमधून आली होती. १९८९ मध्ये फेरारीने फॉर्म्युला वन गाडीत सेमी-ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलमधली पहिलीच शर्यत जिंकली.

४. सीव्हीटी: यात ठरावीक गिअर नसतातच. पट्टा आणि दोन पुली असतात, आणि पुलीचा व्यास बदलत राहतो. तुमच्या घरच्या ॲक्टिव्हामध्ये हेच तत्त्व आहे. शहरासाठी छान, पण ॲक्सिलरेटर दाबल्यावर आधी आवाज वाढतो आणि वेग मागून येतो. म्हणून स्पोर्ट्स कारमध्ये हा प्रकार सहसा दिसत नाही.

थोडक्यात, स्पोर्ट्स कारच्या बाबतीत 'ऑटोमॅटिक' म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर किंवा ड्युअल क्लच.

आकडे काय सांगतात?

आता सरळ तुलना करू. गाडी तीच, इंजिन तेच, फरक फक्त गिअरबॉक्सचा.

पोर्शे ९११ जीटी३ (२०२१), कंपनीचे आकडे:

- ० ते १०० किमी: पीडीके ३.४ सेकंद, मॅन्युअल ३.९ सेकंद
- कमाल वेग: पीडीके ताशी ३१८ किमी, मॅन्युअल ताशी ३२० किमी
- वजन: पीडीके १,४३५ किलो, मॅन्युअल १,४१८ किलो
- गिअर: पीडीके ७, मॅन्युअल ६

बीएमडब्ल्यू एम२ (२०२४ चं सुधारित मॉडेल, ४८० पीएस):

- ० ते १०० किमी: ऑटोमॅटिक ४.० सेकंद, मॅन्युअल ४.२ सेकंद
- टॉर्क: ऑटोमॅटिक ६०० एनएम, मॅन्युअल ५५० एनएम

जीटी३ मधला फरक अर्ध्या सेकंदाचा आहे. ऐकायला किरकोळ वाटतो, पण ताशी १०० किमी वेगाने गाडी अर्ध्या सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे जाते. म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या तीन ९११ एवढं अंतर. शर्यतीत एवढ्यावर निकाल लागतो.

ऑटोमॅटिक का जिंकते? एक, गिअर बदलताना ताकद तुटत नाही. दोन, लाँच कंट्रोल चालू केलं की चाकं घसरणार नाहीत इतकीच ताकद मोजून देत कॉम्प्युटर गाडी सोडतो, आणि ते प्रत्येक वेळी तितकंच अचूक होतं. माणूस दहापैकी दोनदा तसं करेल. तीन, एम२ च्या आकड्यात दिसतं तसं कधीकधी कंपनी ऑटोमॅटिकला जास्त टॉर्क देते. मॅन्युअलच्या क्लचला आणि गिअरबॉक्सला किती टॉर्क झेपेल याला मर्यादा असते.

मॅन्युअलच्या खात्यात काय? १७ किलो कमी वजन आणि ताशी २ किमी जास्त कमाल वेग. कागदावर एवढंच.

मग पोर्शेने मॅन्युअल परत का आणली?

माझ्या मते या विषयातला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे.

२०१३ मध्ये पोर्शेने नवीन ९११ जीटी३ आणली आणि तीत मॅन्युअलचा पर्यायच दिला नाही. हिशोब सरळ होता. जीटी३ ट्रॅकसाठीची गाडी, ट्रॅकवर पीडीके वेगवान, मग मॅन्युअल हवी कशाला? ट्रॅकच्या हिशोबात काही चूक नव्हती, पण जीटी३ च्या जुन्या चाहत्यांना ते पटलं नाही.

२०१६ मध्ये पोर्शेने ९११ आर काढली. फक्त ९९१ गाड्या, आणि गिअरबॉक्स फक्त मॅन्युअल. काही काळातच जुन्या गाड्यांच्या बाजारात तिची किंमत मूळ किमतीच्या कितीतरी पट झाली. हळू असलेल्या गिअरबॉक्ससाठी लोक जास्त पैसे मोजत होते! पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, जीटी३ मध्ये मॅन्युअलचा पर्याय परत आला.

त्यानंतर पोर्शेने जे केलं त्यातच आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे. २०२२ च्या ९११ जीटी३ आरएसमध्ये ५२५ पीएसचं इंजिन आहे आणि गिअरबॉक्स फक्त पीडीके. २०२३ च्या ९११ एस/टी मध्येही ५२५ पीएसचं तेच इंजिन आहे आणि गिअरबॉक्स फक्त मॅन्युअल. पहिली गाडी ट्रॅकवर कमीत कमी वेळात लॅप मारण्यासाठी, दुसरी वळणदार रस्त्यावर चालवण्याच्या आनंदासाठी. एकच कंपनी, एकच इंजिन, पण काम वेगळं म्हणून गिअरबॉक्स वेगळा. 'चांगला कुठला' हा प्रश्न पोर्शेने बाजूलाच ठेवला.

टोयोटाचंही असंच झालं. २०१९ मध्ये जीआर सुप्रा आली ती फक्त ऑटोमॅटिकमध्ये. २०२२ मध्ये कंपनीने ६ स्पीड मॅन्युअल आणली. उलट दिशेचं उदाहरण शेव्रोले कॉर्व्हेटचं. अनेक दशकं मॅन्युअलसाठी ओळखली जाणारी ही अमेरिकन गाडी २०२० च्या मॉडेलपासून फक्त ८ स्पीड ड्युअल क्लचमध्ये मिळते. फेरारीनेही गेल्या दशकात मॅन्युअल बंद केली. म्हणजे मॅन्युअल स्पोर्ट्स कार अजून मिळतात, पण पर्याय कमी होत चालले आहेत. "आत्ता ऑटोमॅटिक घेतो, मॅन्युअल पुढे कधीतरी" असा विचार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

रोजच्या ट्रॅफिकमध्ये काय होतं?

रील्समध्ये गाडी नेहमी रिकाम्या रस्त्यावर दिसते. आपल्या नशिबात आहे सिग्नल, खड्डे आणि मधूनच घुसणारी रिक्षा.

मी मॅन्युअलवर शिकलो आणि अजूनही ती मला जास्त आवडते. पण पुण्यात संध्याकाळच्या गर्दीत एकदा क्लच किती वेळा दाबतो ते मोजायला घेतलं. शंभराच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडून दिलं, तेव्हा अर्धा रस्ता बाकी होता. आणि ती साधी गाडी होती. जास्त टॉर्कच्या स्पोर्ट्स कारमध्ये प्लेट घट्ट दाबून धरावी लागते, त्यामुळे क्लच पायडल बऱ्याचदा जड असतं.

पण ऑटोमॅटिक घेतली म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. ड्युअल क्लचचे दोन प्रकार असतात, ड्राय आणि वेट. वेटमध्ये क्लच तेलात बुडालेला असतो आणि उष्णता तेल वाहून नेतं. ड्रायमध्ये तसं नसतं. पुण्याजवळच्या चाकणला तयार होणाऱ्या व्हर्टस जीटीमधला ७ स्पीड डीएसजी ड्राय क्लचचा आहे. अशी कुठलीही गाडी इंच इंच पुढे सरकवत राहिली की आतला क्लच सतत घासतो, म्हणजे तुमच्या वतीने गाडीच हाफ क्लच करत असते. म्हणून:

- पुढच्या गाडीपुढे थोडी जागा मोकळी होऊ द्या, मग एकदम सरका.
- थांबल्यावर ब्रेक पूर्ण दाबा, अर्धवट नको.
- चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका. ब्रेक किंवा ऑटो होल्ड वापरा.

टॉर्क कन्व्हर्टरला असं सरकणं जास्त सोसतं, कारण तिथे निघतानाची घसट तेलात होते. रोज दोन तास गर्दीत काढायचे असतील तर हा मुद्दा लाँच कंट्रोलपेक्षा महत्त्वाचा आहे.

घाट, पाऊस आणि सुरक्षा

ताम्हिणी किंवा आंबोलीचा घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर अवलंबून राहिलं तर ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतः गाडीला रोखून धरतं. मॅन्युअलमध्ये हे आपल्याला सवयीने जमतं. ऑटोमॅटिक चालवणारे बरेच जण मात्र पूर्ण घाट 'डी' मध्येच उतरतात. तसं करू नका. पॅडल किंवा गिअर लिव्हरच्या मॅन्युअल मोडने दुसरा-तिसरा गिअर धरून ठेवा.

मॅन्युअलचा धोका वेगळा आहे. जास्त वेगात चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला आणि क्लच सोडला, तर चाकंच इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात. आरपीएम लिमिटर इथे काही करू शकत नाही, कारण तो फक्त इंधन तोडतो. वॉल्व्ह वाकण्यापासून इंजिन फुटण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. ओल्या रस्त्यावर, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत, वळणात असा झटका बसला तर मागची चाकं सुटून गाडी गरकन फिरते. ऑटोमॅटिक असा चुकीचा गिअर स्वीकारतच नाही.

ऑटोमॅटिकचा धोका त्याहून साधा आहे. एक हात आणि एक पाय रिकामा राहतो. रिकामा हात कुठे जातो? मोबाईलकडे! ताशी १०० किमीला गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. एक मेसेज वाचायला दोन सेकंद लागले तर ५६ मीटर तुम्ही डोळे मिटून चाललात. गाडी चालवताना फोन हातात धरणं हा कायद्यानेही गुन्हा आहे. आणि रिकाम्या डाव्या पायाचं काय? तो बाजूच्या फूटरेस्टवरच ठेवा. क्लच जोरात दाबायची सवय असलेल्या पायाने ब्रेक दाबला तर गाडी जागेवर थांबते आणि मागचा येऊन धडकतो.

लाँच कंट्रोल, हील अँड टो हे सगळं ट्रॅकवर. सार्वजनिक रस्ता त्यासाठी नाही.

खर्चाचं गणित

आपल्याकडच्या सर्वसामान्य गाड्यांमध्ये त्याच मॉडेलची ऑटोमॅटिक बहुतेक वेळा महाग असते. आयात होणाऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये असा नियम नाही. तिथे मॅन्युअल हाच खास पर्याय असतो आणि कधी कधी तो ठरावीक पॅकसोबतच मिळतो.

देखभालीत मॅन्युअल सोपी. क्लच प्लेट झिजली की क्लच सेट बदलायचा, आणि हे काम अनुभवी मेकॅनिककडे होतं. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच, हायड्रॉलिक भाग आणि कॉम्प्युटर असतो. बिघाड झाला तर बिल मोठं येतं आणि काम कंपनीच्या वर्कशॉपमध्येच करावं लागतं. ऑटोमॅटिक घेणार असाल तर वॉरंटी वाढवून मिळते का आणि गिअरबॉक्सचं तेल किती किलोमीटरला बदलायचं, हे आधीच लेखी विचारून घ्या.

जुनी मॅन्युअल स्पोर्ट्स कार घेताना क्लच तपासायची सोपी रीत सांगतो. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगावरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम झपकन वाढले पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतोय. किंमत ठरवताना तो खर्च धरा.

तुम्ही काय घ्यावं?

ऑटोमॅटिक घ्या, जर:
- घरात एकच गाडी असणार आहे आणि ती रोज गर्दीत चालवायची आहे.
- घरातले इतरही ती चालवणार आहेत.
- तुम्हाला ट्रॅक डेला लॅपची वेळ कमी करायची आहे.
- गुडघ्याचा किंवा कमरेचा त्रास आहे.

मॅन्युअल घ्या, जर:
- ही दुसरी गाडी आहे आणि ती रविवारी पहाटे घाटात काढायची आहे.
- गिअर बदलणं हे तुम्हाला काम न वाटता मजा वाटते.
- गाडी बरीच वर्षं ठेवायची आहे आणि दुरुस्ती सोपी हवी आहे.
- चालवण्याचं कौशल्य वाढवायचं आहे आणि त्यासाठी वेळ द्यायची तयारी आहे.

मित्र काय म्हणतात, यावर निर्णय घेऊ नका. "मर्दाची गाडी मॅन्युअल" वगैरे बोलणारे लोक तुमचा हप्ता भरणार नाहीत. फॉर्म्युला वनमधला एकही ड्रायव्हर आज मॅन्युअल चालवत नाही, मग त्यांना ड्रायव्हिंग येत नाही का?

टेस्ट ड्राइव्ह घेताना दोन्ही चालवा, आणि एकदा तरी गर्दीच्या वेळी चालवा. रिकाम्या रस्त्यावर दहा मिनिटं फिरवलं तर मॅन्युअल नेहमीच आवडते. संध्याकाळी सात वाजता सिग्नलला पाऊण तास काढल्यावरही आवडली, तर बिनधास्त घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पॅडल शिफ्टर असले म्हणजे गाडी मॅन्युअल होते का?
नाही. पॅडलने तुम्ही फक्त सूचना देता. क्लच आणि गिअर हलवायचं काम गाडीच करते.

आयएमटी म्हणजे काय?
इथे नावामुळे गोंधळ होतो. ह्युंदाई आणि कियाच्या आयएमटीमध्ये क्लच पायडल नसतं, पण गिअर हाताने टाकावा लागतो. आय२० एन लाइन २०२१ मध्ये त्याच गिअरबॉक्ससह आली होती, २०२३ मध्ये त्याजागी साधा ६ स्पीड मॅन्युअल आला. टोयोटाच्या सुप्रामधल्या मॅन्युअललाही कंपनी आयएमटीच म्हणते, पण त्यात क्लच पायडल असतं आणि गाडी फक्त आरपीएम जुळवून देते.

परदेशात लायसन्सला फरक पडतो का?
काही देशांत पडतो. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर फक्त ऑटोमॅटिक चालवायचंच लायसन्स मिळतं. तिकडे जाण्याचा विचार असेल तर मॅन्युअल आधीच शिकून ठेवा.

इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर हा प्रश्न संपेल का?
गिअरची गरज संपेल, आवड नाही. ह्युंदाईने २०२३ च्या आयोनिक ५ एन या इलेक्ट्रिक गाडीत खोटे गिअर दिले आहेत. पॅडल ओढलं की गिअर बदलल्यासारखा झटका बसतो आणि आवाजही येतो. स्वीडनच्या कोनिगसेगने २०२२ मध्ये दाखवलेल्या सीसी८५० मध्ये तर एकच गिअरबॉक्स ६ स्पीड मॅन्युअल म्हणूनही चालतो आणि ९ स्पीड ऑटोमॅटिक म्हणूनही. दोन्ही हवं असणाऱ्यांसाठी उत्तर आहे, फक्त खिसा तेवढा खोल हवा.

शेवटी एवढंच

माझ्याकडे एकाच गाडीचे पैसे असते तर मी आज ऑटोमॅटिक घेतली असती, आणि तीही टॉर्क कन्व्हर्टरची, कारण माझा रोजचा रस्ता गर्दीचा आहे. दुसरी गाडी घेण्याइतके पैसे असते तर ती मॅन्युअलच असती. तुमचा रस्ता आणि तुमचं काम वेगळं असेल, तर तुमचं उत्तरही वेगळं असेल. बुकिंगची रक्कम भरण्याआधी एका कागदावर लिहा: आठवड्यातले किती तास गर्दीत आणि किती तास मोकळ्या रस्त्यावर? त्या दोन आकड्यांकडे पाहून ठरवा.